दोन दात नसलेले चक्र

मोटारीचा एक विचित्र आजार तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गाडी घरून निघते तेव्हा अगदी ठणठणीत असते. तासाभराने घाट चढून वर आल्यावर सारे जण चहाला उतरतात. चहा पिऊन परत येतात, किल्ली फिरवतात, तर स्टार्टर इंजिनाला जोरात फिरवतो, पण इंजिन काही धरत नाही. बॉनेट उघडून चार जण आत डोकावतात, कोणी बॅटरीच्या तारा हलवून पाहतो, कोणी पेट्रोलच संपले असे म्हणतो. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते! मग ज्याने शेवटी तारा हलवल्या, त्याला गाडी दुरुस्त केल्याचे श्रेय मिळते. पुढच्या घाटात पुन्हा तेच.

या आजाराची कारणे एकाहून अधिक असू शकतात. परंतु त्यांतले एक फार नेहमीचे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला फार शिकवणारे असे कारण म्हणजे क्रँकशाफ्टचा, म्हणजेच भुजादंडाचा स्थितिसंवेदक बिघडणे. अंगठ्याएवढी ही वस्तू बहुतेक गाड्यांत अशा जागी बसवलेली असते, की तिथे हात तर पोहोचत नाहीच, नजरही पोहोचत नाही. ती घरच्या घरी कशी तपासावी आणि वडील मंडळींच्या मदतीने कशी बदलावी, हे आज पाहू. त्याआधी ती करते काय, ते समजून घेतले पाहिजे. ते न समजता पाना हातात घेणे म्हणजे आजार न ओळखता औषध देणे होय.

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हा सारा प्रश्न आहे. सिलिंडरातले मिश्रण क्षणार्धात पेटते असे आपण म्हणतो, पण त्या क्षणालाही लांबी असते. समजा, ज्वाला पसरायला दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ६० मिलिसेकंद लागतील. म्हणजे दोन मिलिसेकंदांत भुजादंड १२ अंशांतून फिरेल. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर एक फेरा २० मिलिसेकंदांचा होईल आणि तेवढ्याच वेळात भुजादंड ३६ अंश पुढे जाईल. दट्ट्या वर पोहोचण्याच्या सुमारास दाब वाढायला हवा असेल, तर वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडावी लागेल, हे उघड आहे.

जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्यूटर नावाची यांत्रिक डबी करी. तिच्यातली लहान वजने वेगाबरोबर बाहेर फेकली जात आणि ठिणगीची वेळ आपोआप पुढे सरकवीत. ज्यांच्या आजोबांकडे प्रीमियर पद्मिनी होती, त्यांनी घरात ‘पॉइंट घासणे’ हा शब्दप्रयोग ऐकला असेल. तो याच डबीतल्या संपर्कबिंदूंविषयी असे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर पॉलिशचा कागद घेऊन रस्त्याच्या कडेला इंजिन दुरुस्त करण्याचे एक युगही गेले असे म्हणायला हरकत नाही. धुराचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून तर देशभर ‘भारत स्टेज ६’ हे मान लागू झाले, आणि ठिणगीची व इंधनाच्या फवाऱ्याची वेळ ठरवणे पूर्णपणे संगणकाकडे आले.

पण संगणकाला डोळे नसतात. या क्षणी भुजादंड कोणत्या कोनात आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. तो सांगणारा म्हणजे हा संवेदक.

चक्र आणि वेटोळे

भुजादंडाबरोबर फिरणारे एक दातेरी लोखंडी चक्र असते. पुष्कळ गाड्यांत त्याच्या परिघावर साठ दातांची जागा असते, पण दात अठ्ठावन्नच असतात. दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. साठ दात म्हणजे दर दाताला सहा अंश. ३,००० फेऱ्यांवर संवेदकासमोरून सेकंदाला सुमारे ३,००० दात जातात, म्हणजे दर दात सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात. एका अंशाला तर सेकंदाचा अठरा हजारावा भाग! संगणक दात मोजतो आणि दोन दातांमधला वेळ विभागून मधले अंश ठरवतो.

मग दोन दात गाळले कशासाठी? वर्तुळाला आरंभ नसतो, तो द्यावा लागतो. एकसारखे साठ दात समोरून गेले, तर कितवा दात कोणता हे कळणार कसे? गाळलेल्या जागी मात्र एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचा वेळ एकाएकी तिप्पट होतो. ते अंतर दिसले, की संगणक म्हणतो, ‘इथून एक.’ (चार-टप्पी इंजिनात एका चक्रासाठी भुजादंडाचे दोन फेरे होतात. त्यामुळे हा फेरा पहिला की दुसरा, हे सांगायला कॅमशाफ्टवर आणखी एक संवेदक असतो. त्याची गोष्ट निराळी.)

आता संवेदकाच्या आत पाहा. त्याचा एक प्रकार तुमच्या पाठ्यपुस्तकातूनच उचललेला आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, की वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषांची संख्या बदलत असेल, तरच वेटोळ्यात वीज निर्माण होते. संवेदकात एक छोटा कायम चुंबक, त्याला लागून लोखंडी गाभा आणि गाभ्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. गाभ्याचे टोक चक्राच्या दातांपासून एखाद्या मिलिमीटरवर असते. समोर लोखंडी दात आला, की रेषांना सोपी वाट मिळून त्या वाढतात. खाच आली, की कमी होतात. दर दातागणिक वेटोळ्यात विजेची एक लाट उठते. याला बाहेरून वीजपुरवठा लागत नाही. हा स्वतःच एक इवलासा डायनामो आहे.

प्रवर्तित दाब रेषा किती आहेत यावर नव्हे, तर त्या किती वेगाने बदलतात यावर अवलंबून असतो, हे इथे विसरू नका. वेग दुप्पट तर दाबही जवळजवळ दुप्पट. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे देतो. त्या वेळी ही लाट अगदी दुबळी असते. म्हणून अशक्त झालेला संवेदक चालत्या इंजिनात काम निभावून नेतो आणि सुरू करताना मात्र दगा देतो. चहाच्या थांब्यावर गाडी का रुसते, याचे अर्धे उत्तर तुम्हांला मिळाले.

उरलेले अर्धे उष्णतेत आहे. इंजिन चालू असताना पाणी खेळते, पंख्याचा वारा लागतो. इंजिन बंद केले, की दोन्ही थांबते. पण तापलेल्या ओतीव धातूतली उष्णता कुठे जाणार? ती हळूहळू भोवतालच्या भागांत शिरते. त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटे संवेदकाचे तापमान उलट वाढतच जाते. वेटोळ्याच्या तारेला कुठे सूक्ष्म चीर असेल, तर प्रसरणाने तिची टोके दूर होतात आणि मंडल तुटते. निवल्यावर टोके पुन्हा टेकतात. गाडी ‘आपोआप’ बरी होते, ती अशी.

दुसऱ्या प्रकारचा संवेदक हॉल परिणामावर चालतो. एडविन हॉल याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यात हा परिणाम शोधला. त्या वेळी तो अमेरिकेतल्या बॉल्टिमोर येथे विद्यार्थीच होता. यात अर्धवाहकाची चकती आणि लहानसे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. त्याला वीजपुरवठा लागतो, पण वेग कमी असला तरी याची खूण दुबळी होत नाही. आजच्या अनेक गाड्यांत हाच प्रकार दिसतो. तापल्यावर रुसण्याची खोड मात्र यालाही लागू शकते.

खरोखर तोच दोषी आहे का?

नवा भाग आणण्याआधी हे ठरवायला हवे. इंधनाचा पंप किंवा त्याचा रिले तापून बंद पडला, तरी लक्षणे हुबेहूब अशीच असतात. महागडा संवेदक बसवून आजार तसाच राहिलेली माणसे कमी नाहीत.

पहिली परीक्षा फुकटची आहे. इंजिन सुरू होत नसताना एकाने स्टार्टर फिरवावा आणि दुसऱ्याने फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे पाहावे. पुष्कळ गाड्यांत स्टार्टर फिरताना हा काटा थोडासा उचलला जातो. तो शून्यावर मेल्यासारखा पडून असेल, तर संवेदकावरचा संशय बळावतो. दुसरी परीक्षा म्हणजे निदानाच्या प्लगला यंत्र जोडून संगणकाने नोंदलेला दोष वाचणे. ‘पी-०३३५’ हा संकेतांक भुजादंड-संवेदकाच्या मंडलाचा आहे. मंडलाचा, एकट्या संवेदकाचा नव्हे! उंदराने कुरतडलेली तार किंवा गंजलेला जोड यांनीही हाच संकेतांक उमटतो.

तिसरी परीक्षा मल्टिमीटरची. संवेदक वेटोळ्याचा असेल, तर प्लग सोडवून त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजा. तो साधारणपणे काहीशे ते हजार-दीड हजार ओहम असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. समजा, २५ अंश सेल्सिअसला तो ८०० ओहम भरला आणि १०५ अंशांना १,०५० भरला. संवेदक बिघडला का? नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ८० अंशांना ३१ टक्के, म्हणजे ८०० चे सुमारे १,०५० होणारच. ही तांब्याची प्रकृती आहे, विकृती नव्हे. तापल्यावर आकडा एकाएकी अनंताकडे गेला किंवा थरथरू लागला, तर मात्र चोर सापडला. म्हणून थंड संवेदक मोजून ‘ठीक आहे’ असा निर्वाळा देण्यात अर्थ नाही. ज्या अवस्थेत रोगी आजारी पडतो, त्याच अवस्थेत त्याला तपासले पाहिजे.

तीन तारांचा संवेदक दिसला तर थांबा. तो हॉलचा असेल, तर त्याचा रोध मोजू नये. त्याला पुरवठा येतो का आणि दात सरकताना खूण बदलते का, हे पाहायचे असते. पण तिसरी तार दिसली म्हणजे तो हॉलचाच, असेही नाही. वेटोळ्याच्या संवेदकातही तिसरी तार असते, ती जाळीदार वेष्टणाची. शेजारी ठिणगीचे हजारो व्होल्ट उड्या मारत असताना ही दुबळी लाट संगणकापर्यंत निर्मळ पोहोचावी, म्हणून ते वेष्टण असते. गाडीची पुस्तिका पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

अशी अडचणीची जागा कशासाठी?

हा प्रश्न प्रत्येक मेकॅनिक रोज विचारतो, आणि बहुधा सभ्य शब्दांत नाही. पण आरेखन करणाऱ्याची बाजूही ऐकू. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असते. त्याची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली, तर सहा अंशांचा कंस सुमारे १६ मिलिमीटर येतो. दात मोठे, म्हणून मोजणी अचूक. शिवाय प्रत्येक स्फोटाबरोबर भुजादंड किंचित पिळला जातो. पुढच्या टोकाला ही थरथर अधिक असते, जड फ्लायव्हीलपाशी कमी. म्हणजे मोजमापाला उत्तम जागा ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातली, आणि हाताला सर्वांत वाईट जागाही तीच. अमेरिकेतल्या जीप चेरोकी गाडीत १९८७ ते २००१ या काळात चार लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन येई. त्याचा संवेदक गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणावर वरच्या अंगाला होता. तो काढायला कारागीर गाडीखाली निजत आणि गिअरबॉक्सच्या मागून अर्ध्या मीटरहून लांब दांड्या जोडून पाना पुढे सारत. आपल्याकडच्या लहान गाड्यांत इंजिन आडवे असते. त्यांत हा संवेदक कुठे पुलीच्या मागे, तर कुठे स्टार्टरच्या पोटाखाली सापडतो.

काम करताना

हे काम एकट्याने करायचे नाही. जाणत्या मोठ्या माणसाच्या हाताखाली करायचे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची ऋण तार सोडवा. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. गाडीखाली जावे लागणार असेल, तर सपाट कठीण जमीन, चाकांना अटकाव आणि भक्कम स्टँड पाहिजेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. विटा रचून तर मुळीच नाही.

आधी जागा पाहून घ्या. छोटा आरसा आणि बॅटरी, किंवा मोबाइलचा कॅमेरा उपयोगी पडतो. आरशात मात्र एक फसगत आहे. आरशात घड्याळाच्या दिशेने फिरणारा पाना उलट्या दिशेने फिरताना दिसतो! म्हणून आरसा पाहण्यापुरता वापरा. फिरवण्याची दिशा बोल्टाच्या माथ्याकडे तोंड केल्याची कल्पना करून ठरवा. नाहीतर सोडवतो आहोत असे समजून तुम्ही बोल्ट आवळत बसाल आणि शेवटी तो मोडेल.

लांब दांडीच्या टोकाला सॉकेट लावावे लागते. कारागीर त्याला गोटी म्हणतात. दांडी लांब केली म्हणजे जोर वाढतो, असा पुष्कळांचा समज असतो. परिबल वाढते ते मुठीची लांबी वाढवल्याने. मूठ आणि गोटी यांच्यामधली दांडी कितीही लांब केली, तरी परिबल तेवढेच राहते. फक्त दांडी थोडी पिळली जाते आणि बोल्ट सुटण्याचा क्षण हाताला नीट कळत नाही. म्हणून झटके न देता सावकाश जोर लावावा. आटे गंजलेले असतील, तर गंज सोडवणारे तेल घालून तासभर वाट पाहावी. ही वाट पाहणे कामाचाच भाग आहे.

बोल्ट सुटला तरी संवेदक सहज निघत नाही. त्याचे रबरी कडे कडक होऊन चिकटलेले असते. तो पेचकसाने उचकटू नका. प्लॅस्टिक मोडून टोक आत राहिले, तर गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी येते. तो डावीउजवीकडे थोडाथोडा फिरवत बाहेर घ्यावा. बाहेर आला, की टोकाकडे नीट पाहा. चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसेल. हा कीस फार साचला, तर दात आणि खाच यांतला भेदच पुसट होतो. कधीकधी टोक पुसून जुना संवेदकच कामाला लागतो. दातांवर घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र नवा बसवण्याआधी अंतर का कमी झाले याचा शोध घ्यावा.

उघड्या भोकात स्वच्छ फडके कोंबून ठेवा. तिथे पडलेला बोल्ट शोधणे हा दिवसभराचा उद्योग होतो. नव्या संवेदकाच्या रबरी कड्याला इंजिन ऑइलचे बोट लावा आणि तो हाताच्या जोरानेच पूर्ण बसवा. बोल्ट ओढून त्याला जागेवर आणू नका. गोटीत ग्रीसचा ठिपका लावला, की बोल्ट वाटेत गळत नाही. आवळण्याचे परिबल पुस्तिकेत दिलेले असते. अशा सहा मिलिमीटरच्या बोल्टाला ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या मुठीवर हे ८० न्यूटन, म्हणजे आठ किलो वजनाएवढा जोर झाला. दंडाचा सारा जोर इथे नको. तार जुन्याच वाटेने न्या आणि जुन्याच पकडींत अडकवा. ती ठिणगीच्या तारांना लागली, तर खुणेत गोंधळ होईल. सायलेन्सरच्या नळीला लागली, तर वितळेल.

बॅटरी जोडून इंजिन सुरू करा आणि पूर्ण तापू द्या. मग बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. खरी परीक्षा ही. काही गाड्यांत नव्या संवेदकाची संगणकाला ओळख करून द्यावी लागते. तसे पुस्तिकेत लिहिलेले असेल, तर तेवढ्यापुरते गॅरेजमध्ये जाण्यात कमीपणा नाही. नवा भाग बसवूनही आजार राहिला, तर तारा आणि पंप यांच्याकडे वळा. आणि तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला निर्वाताची मदत मिळते तीही दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते. तसे झालेच, तर ब्रेक पुन्हापुन्हा न सोडता एकसारखा दाबून गाडी कडेला घ्यावी.

करून पाहा

मोटार नसली तरी संवेदक तुम्ही बनवू शकता. सहा-सात सेंटिमीटर लांबीचा लोखंडी बोल्ट घ्या. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून इनॅमल लावलेली ३४ गेजची तांब्याची तार आणा आणि तिचे सातशे-आठशे वेढे बोल्टावर द्या. बोल्टाच्या माथ्याला एक जोरदार चुंबक चिकटवा. तारेच्या टोकांवरचे इनॅमल खरवडून ती मल्टिमीटरला जोडा आणि मीटर प्रत्यावर्ती मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर ठेवा. आता साखळीवर झाकण नसलेली सायकल स्टँडवर लावा. पायट्यांच्या दातेरी चक्राची मागची बाजू साखळीने झाकलेली नसते. तिथल्या दातांपासून एक मिलिमीटरवर बोल्टाचे टोक स्थिर धरा आणि मित्राला पायटा फिरवायला सांगा. चुंबक चक्राला चिकटणार नाही याची काळजी घ्या. पायटा सावकाश फिरवला तर काय वाचन येते, वेगाने फिरवला तर काय, आणि अंतर दोन मिलिमीटर केले तर काय, याचा तक्ता करा. मीटरऐवजी जुना इअरफोन जोडलात, तर दातांची घरघर कानांनी ऐकू येईल.

शेवटी एक प्रश्न. चक्राच्या दोन दातांमधली खाच मेणाने भरून टाकली, तर मीटरच्या वाचनात फरक पडेल का? आणि तिथे मेणाऐवजी लोखंडाचा तुकडा घट्ट बसवला तर? आधी उत्तर वहीत लिहा, मग प्रयोग करा.